अक्कांच्या व्हॅनला हात

अक्कांना विनंती करता यायची नाही, त्या हुकूम सोडायच्या. सकाळी व्हॅनच्या खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर यायचं आणि "चला रं, हात लावा" एवढं कानावर पडलं की सांगलीतल्या आमच्या गल्लीतला जो तो हातातलं टाकून बाहेर पडायचा. मी कुपवाडला लेथवर कामाला. स्कूटरला डबा अडकवून निघायच्या बेतात असायचो, पण आधी अक्कांची व्हॅन, मग कंपनी. समोरचे निवृत्त सुभेदार दाढीचा फेस तसाच ठेवून यायचे. आम्ही ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली की व्हॅन दोनदा खोकायची, सगळा धूर आमच्या तोंडावर सोडायची आणि चालू व्हायची.

अक्का भडंग करायच्या. व्हॅन त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता भट्टी थंडावणार. पण अक्का पन्नाशीत गाडी शिकल्या आणि कुंडल-पलूसकडची माल घेणारी सगळी दुकानं त्यांनी राखली. एक अडचण मात्र होती. अक्का जैन, लसूण तोंडात घालत नसत आणि भडंगाला तर लसूण सढळ हाताने लागतो. मग चव बघणार कोण? तर आम्ही, धक्का मारणारे. गाडी चालू झाली की त्या ब्रेकवर पाय ठेवून डब्यातून प्रत्येकाच्या ओंजळीत भडंग घालायच्या आणि आमच्या तोंडाकडे बघत बसायच्या. सुभेदार एकदा भिडेखातर "छान आहे" म्हणाले, तर अक्का म्हणाल्या, "छान मला बी दिसतंय. मीठ सांगा."

अशी ही बिनपगारी नोकरी आनंदात चालली असती. पण एका दुपारी कुंडलहून येताना गाडी उसाच्या रानात बंद पडली आणि ढकलायला चिटपाखरू नव्हतं. मागून ट्रॅक्टर येईपर्यंत दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर अक्का अन्नाला शिवत नसत, त्यामुळे सकाळच्या भाकरीवर त्या तशाच उपाशी झोपल्या. ही बातमी पुण्याच्या मुलाला, अजितला, लागली. तो काही वाईट मुलगा नव्हे, आईसाठी जीव टाकणारा. त्याने फोनवर सांगितलं, रविवारी येतोय, माझ्यासमोर गाडी किल्लीवर चालू झाली तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि तू माझ्याकडे यायचंस.

बिघाड सेल्फचा होता. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी ती मोटर कधीच थकली होती. गॅरेजला न्यायची तर गॅरेजवाला अजितचा वर्गमित्र, गाडी आत शिरायच्या आधी पुण्याला फोन गेला असता. म्हणून अक्कांनी मिरजेच्या जुन्या सामानाच्या दुकानातून दुसऱ्या गाडीचा सेल्फ आणला. दुकानात तो बॅटरीला जोडून फिरवून बघितल्याशिवाय पिशवीत घातला नाही. शनिवारी दुपारी मला हाक आली. मी म्हटलं, अक्का, मी लेथवाला, गाडीतलं मला काय कळतंय. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं कळतंय? खोललं म्हंजे कळतंय."

साडीवर यजमानांचा जुना सदरा चढवून अक्का गाडीखाली गेल्या. त्याआधी चाकांना दगड लावले, जॅकशेजारी लाकडी ओंडके रचले आणि बॅटरीची वायर सोडवून बाजूला बांधली. वरची सीट उचलून तिथले बोल्ट खोलायचं काम मला दिलं होतं. निघालेला प्रत्येक नट त्या स्टीलच्या वाटीत टाकायला लावत, वाट्या ओळीने मांडायला लावत आणि कुठली वाटी कशाची हे मला पुन्हा पुन्हा विचारत. खालचा बोल्ट गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून त्या तशाच पडून राहिल्या आणि खालूनच मला माझ्या पोरीच्या अभ्यासाची चौकशी करू लागल्या. मला वाटतं, एवढ्या धीराने मी आजवर लोखंडासमोर कधी बसलो नाही.

नवा सेल्फ बसला तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि सुभेदारही येऊन उभे राहिले होते. माझी बायको भाकरी आणि दही घेऊन आली, आधी दोन घास खा म्हणाली. अक्कांनी नको म्हणून मान हलवली. किल्ली फिरवली. नुसतं टक झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. मी सुभेदारांकडे बघितलं, सुभेदारांनी आभाळाकडे. अक्का स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांचा चेहरा एवढा पडलेला मी त्याआधी फक्त यजमान गेले तेव्हाच पाहिला होता.

मग त्या हळूच म्हणाल्या, "तिकडं पुण्यात मी काय करू रं? तिथं मला कोण हाक मारणार न्हाई, आणि मी बी कुणाला हाक मारायची?"

त्या उतरल्या, पॉलिश पेपर घेऊन पुन्हा खाली गेल्या. बॅटरीकडून गाडीच्या अंगाला येणारी वायर एका टोकाला त्यांनी घासली होती, पण दुसऱ्या टोकाचा गंज तसाच राहिला होता. ते टोक चकचकीत होईपर्यंत घासलं, आवळलं आणि किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या हिसक्याला चालू झाली. सुभेदारांनी नकळत सलाम ठोकला. इंजिन चालूच ठेवून अक्कांनी काळ्या हातांवर पाणी घेतलं आणि अंगणात उभ्याउभ्या, शेवटच्या उन्हात भाकरी खाल्ली.

रविवारी अजितने स्वतः किल्ली फिरवून बघितली. व्हॅन लगेच चालू झाली. जाताना त्याने भडंगाचा डबा मागून घेतला.

सोमवारी सकाळी आम्ही सवयीने बाहेर आलो आणि व्हॅन जागच्या जागी चालू झाली. आम्ही रिकामे हात घेऊन उभे. अक्का आरशातून बघत होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं आणि डबा घेऊन खाली उतरल्या. "गाडी सुधारली म्हणून जिभेला सुट्टी न्हाई," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कितीतरी वर्षं गाडी चालवली, आणि थांबल्या त्या आपल्या मनाने. डोळ्यांना संध्याकाळचा रस्ता दिसेना, तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनीच व्हॅन एका फुलवाल्याला देऊन टाकली. पुण्याला काही गेल्या नाहीत. अजूनही ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हुकूम सोडतात.

फुलवाला गाडी न्यायला आला त्या सकाळी गल्ली बाहेर आली होती. तो किल्लीला हात घालणार एवढ्यात सुभेदार व्हॅनच्या मागे जाऊन उभे राहिले. मग मी गेलो, मग सगळेच. आमचे हात मागच्या दारावर आपापल्या जुन्या जागी बसले.

अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "आरं, सेल्फ चांगला हाय की तिचा."

"व्हय अक्का, ठावं हाय," मी म्हणालो, आणि आम्ही व्हॅन कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.