यादीतली शेवटची होडी

आमच्या शेजारची ग्लिनिस जात्याच संशयी. बाजारात कोणी "ताजो आसा गो" म्हटलं, की ती बांगड्याचे कल्ले उचलून बघणार आणि तरीही पुढच्या पाटीकडे जाणार. संगणकाच्या अगदी पोटात चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे कर्नेलवर, ती मालवणात घरी बसून काम करते. कोणावरही विश्वास न ठेवण्याचा हिला पगार मिळतो, असं तिची आई लूर्डस म्हणते.

यंदा मात्र सगळं बंदरच संशयी झालं. मच्छीमार सोसायटीने होड्यांवर ठावठिकाणा कळवणाऱ्या डब्या बसवल्या. निघताना डबी चालू केली, की जेटीवरच्या छोट्या संगणकात होडीची नोंद व्हायची आणि निघण्याच्या क्रमाने, ठावठिकाण्यासह, ऑफिसातल्या पडद्यावर दिसायची. त्या यादीत म्हाताऱ्या दाजींची होडी अधूनमधून दोनदा दिसू लागली. चेअरमन भाईंनी निदान करून टाकलं: दाजींनी नकली डबी करून दुसरी होडी चोरट्या मासेमारीला लावली आहे. चहाच्या टपरीवर दाजी आले की गप्पा बंद. सोमवारी भाई मत्स्य खात्याला कळवणार होते, आणि परवाना गेला तर या वयात दाजींनी करायचं काय?

मला भाईंचा भयंकर राग आला. बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. तिथे दाजींच्या भावाची होडी उलटली तेव्हा पुढे गेलेल्यांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून सगळ्या होड्या खडकांपार झाल्याशिवाय दाजी स्वतःचं इंजिन चालू करत नाहीत. हा माणूस चोर?

ग्लिनिसने दाजींवरही विश्वास ठेवला नाही आणि भाईंवरही. "आधी यंत्र बघूया," म्हणाली. सोसायटीकडचा जादा संगणक आणि चार डब्या तिने घरी आणल्या. जी डबी शेवटी जोडावी, तीच कधीकधी दोनदा दिसायची. पण का, ते सापडेना. ती चिडचिडी झाली, जेवणात लक्ष नाही.

संध्याकाळी लूर्डस ग्लिनिसला शेजारी बसवून जपमाळ म्हणत होती. मधेच फोन वाजला. तिने हातातल्या मण्याची प्रार्थना पुरी केली, मणी तसाच चिमटीत धरून फोनवर बोलली, आणि परत येऊन त्याच मण्यावर पुन्हा सुरू झाली.

"मम्मा, ह्यो मणी झालो होतो."

"बोट थंयच होता गो. थंयसूनच सुरू केलंय."

ग्लिनिस तशीच उठली आणि संगणकाकडे पळाली. अर्धी प्रार्थना टाकली म्हणून ओरडाही खाल्ला.

झालं होतं ते असं. जोडलेल्या डब्यांची यादी कर्नेल एका फाइलमध्ये दाखवतो, आणि पडदा ती तुकड्यातुकड्याने वाचतो. पुन्हा कुठून वाचायचं याची खूण प्रत्येक ओळीनंतर पुढे सरकायला हवी. शेवटच्या ओळीनंतर कर्नेल "संपलं" म्हणायचा, पण खूण सरकवायचाच नाही. तुकडा नेमका तिथेच तुटला, की पडदा परत आल्यावर तीच ओळ पुन्हा; आणि शेवटची ओळ असायची दाजींची. ग्लिनिसने दुरुस्ती केली ती एका ओळीची.

सोमवारी सकाळी तिने भाईंना सगळं करून दाखवलं.

"मगे दाजीक कोण सांगतलो?" भाईंनी विचारलं.

कोणी जाईना, तेव्हा ग्लिनिसच गेली. दाजी जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माका कित्याक सांगतंस?" ते म्हणाले. "माका ठावक होता."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती ऑफिसात जाऊन बसली. स्वतःच्या दुरुस्तीवरही तिचा विश्वास नव्हता, म्हणून यादी खालून वर वाचायला घेतली. प्रत्येक होडी एकदाच होती. तळाला दाजी नव्हते, मधेही नव्हते. दाजींचं नाव सगळ्यात वर होतं. ते पहिलेच निघून गेले होते.

तळाला भाईंची होडी होती. ती अजून खडकांपाशी होती, आणि तिच्यामागे कोणी थांबलं नव्हतं.