जिन्यावर चढलेली कविता

पेंटरने आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे, हा त्याचा बाणा. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या लेकीने मोठ्या बाईंची मनधरणी करून जिन्याची भिंत त्याला रंगवायला मिळवून दिली होती. पुस्तकातली ती चढणीच्या वाटसरूची जुनी कविता मुलं पाढ्यांसारखी घोकत. भिंतीवर आली तर निदान बघतील तरी! बाई सोमवारी बघणार होत्या. नाही पटलं, तर तिथे छापील फ्लेक्स लागणार.

रविवारी दुपारी डबा घेऊन आलेली लेक खालच्या पायरीवरच थबकली. 'चढ सरेना, सरू नये पाऊल' ही एकच ओळ अख्खी खालची भिंत खाऊन बसली होती.

"बाबा! दुकान उघडताय का इथे? बाकीच्या ओळी कुठे बसवायच्या?"

पेंटरने जीभ चावली. "हाताची सवय गं! आता पुसत बसलो तर संपलंच. तू बाकीच्या ओळी वाच, मी वर त्यांची चित्रं काढतो."

"काटे सांगती वाट..."

"थांब! पायात काय आहे त्याच्या?"

"ते कवितेत नाहीये."

"नाही कसं? काट्यांनी वाट सांगितली, म्हणजे अनवाणीच आहे की गडी!"

शाळेत त्यानेही ही कविता एका दमात म्हणून दाखवली होती. पण आत कुणी चालतंय, हे आज पहिल्यांदा दिसत होतं. त्याने भराभर टाच काढली, तिच्यात रुतलेला काटा रंगवला. पुढच्या ओळीतलं धुकं ओल्या रंगावर चिंधी फिरवून उठवलं.

"मागे पाहता दिसले दिवे," लेकीने वाचलं आणि ती एकदम ओरडलीच, "बाबा, त्याच्या मागून लोक येतायत! इतकी वर्षं शिकवतेय, आणि मला आत्ता कळतंय!"

"मागे म्हणजे खाली!" पेंटर ब्रश घेऊन धडाधड जिना उतरला आणि त्या अगडबंब अक्षरांच्या पोकळ्यांत इवले इवले दिवे लावत सुटला.

सोमवारी मोठ्या बाई आल्या. अक्षरं बघून कपाळाला आठी. "एवढीच कविता?"

"बाकीची वर आहे, बाई. चढावं लागेल," पेंटर म्हणाला.

बाई चढल्या. वर पोचल्या, मागे वळून खालच्या दिव्यांकडे बघत राहिल्या, आणि तशाच खाली उतरल्या.

खाली येऊन बाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि त्या पुन्हा चढू लागल्या. या वेळी मोठ्याने कविता म्हणत.