देवीला दार नको

आमच्या पाड्यावर देवीचं मंदिर होणार होतं, ते माझ्यामुळे झालं नाही. हे आधीच सांगून टाकते. अजूनही खोडाळ्याच्या बाजारात मला बघून कुणीतरी शेजारच्याला कोपर मारतं, आणि त्याचा अर्थ मला कळतो. मी मान खाली घालत नाही. भाजी निवडत असते, ती निवडत राहते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माहेर वर, सूर्यमाळच्या बाजूला, डोंगराच्या कडेनं पसरलेल्या तीसेक घरांच्या पाड्यावर. आमची गावदेवी म्हणजे उंबराखालचे तीन शेंदूर फासलेले दगड आणि त्यांच्या शेजारी रोवलेला सागवानी खांब. खांबावर वाघ कोरलाय, त्याच्या वर सूर्य आणि चंद्र. इतके पावसाळे खाऊन वाघाचं तोंड आता बोक्यासारखं दिसतं. भोवती दगडांचा ओटा. छप्पर नाही, भिंत नाही.

खालच्या झऱ्यावरून पाणी आणायची वाट या ओट्याला लागूनच जाते. उन्हाळ्यात टँकर येवो न येवो, ती चढण काही चुकत नाही. चढून आलेली बाई हंडा ओट्यावर टेकवते, ओंजळभर पाणी देवीवर घालते, जरा श्वास घेते आणि पुढे निघते. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे करते आहे. महिन्याच्या तीसही दिवस. आज तुझा कितवा दिवस, असं तिला तिथे कधी कुणी विचारलेलं नाही.

पण लोक त्या जागेला सगळ्यात जास्त मानतात ते वेगळ्याच गोष्टीसाठी. खांबाला पाठ लावून जो बसेल, त्याला हात धरून उठवायचं नाही. गावानं जमायचं आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं. पटलंच पाहिजे असं नाही, पण ऐकायचं. बाई असो, पुरुष असो, दुसऱ्या पाड्याचा असो. बोलून झालं की तो आपला आपण उठतो.

दहावीचा निकाल लागला तेव्हा मी तिथे बसले होते. बाने माझं लग्न ठरवलं होतं. मुलगा चांगला होता, हेही सांगते. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मला जव्हारला कॉलेजात जायचं होतं. घरात तीन वेळा सांगून पाहिलं. चौथ्यांदा सांगण्याऐवजी सकाळी भाकरी थापून झाल्यावर मी उठले आणि खांबाला पाठ लावून बसले.

बा शेतातून तसाच आला. ओट्यापाशी आल्यावर हातातला कोयता त्याने खाली ठेवला.

"ऊठ."

"नाही."

"लोकं बघतात."

"त्यांनी बघावं म्हणूनच बसले."

त्याने माझ्या दंडाकडे हात नेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नको." आमच्या खालच्या अंगाला राहणारी म्हातारी होती ती. तेव्हाच म्हातारी होती, आता तर किती वय असेल तिलाही ठाऊक नाही. बाचा हात तिथेच थांबला. तो समोरच्या दगडावर बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर एक वाक्य सुरू करून ते पुरं करू शकले. म्हटलं, जव्हारच्या वसतिगृहात मला जागा मिळते आहे. म्हटलं, पळून जायचं असतं तर गेले असते, इथे येऊन बसले नसते. म्हटलं, दोन वर्षं दे. बोलताना रडले, पण थांबले नाही.

बा कोयता उचलून म्हणाला, "जा. पण नापास होऊन माघारी येऊ नको."

मी नापास झाले नाही.

मधे पुष्कळ वर्षं गेली. मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. पोरगी मास्तरीण झाली म्हणून बाचा गावात मान वाढला. मग शहरातले एक सद्गृहस्थ डोंगरातल्या गावांना मंदिरं बांधून देतात अशी बातमी पाड्यावर आली. पाड्याने समिती केली आणि बाला तिचा अध्यक्ष केलं. बा स्वतः खोडाळ्याला माझ्या घरी आला. चहाही घेतला नाही.

"अर्ज लिहून दे. तुझं अक्षर चांगलं."

मी लिहिला. मला आनंदच झाला होता. बाने माझ्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ. मी लिहिलं, 'आमच्या गावदेवीचे स्थान उघड्यावर असून अत्यंत दुरवस्थेत आहे.' बाने मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं.

"दुरवस्था म्हंजे?"

"वाईट हाल."

"वाईट हाल हाये तिचे?" मग स्वतःच म्हणाला, "असू दे. तिकडच्यांना तसंच लिहिलेलं लागतं."

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. त्या बोलीत हा शब्दच नाही. माझ्या शाळेच्या मराठीत होता, आणि मी तो देवीला चिकटवून दिला. त्याची टोचणी मला नंतर लागली. त्या दिवशी लागली नाही; खोटं कशाला सांगू?

अर्ज मंजूर झाला. ट्रकभर खडी-वाळू येऊन पडली. मार्च संपताना एका रविवारी ते गृहस्थ भूमिपूजनाला आले. आम्ही त्यांना साहेब म्हणत होतो. माणूस नम्र होता. वाकून बाच्या पाया पडला. बरोबरच्या लोकांनी उंबराला मोठा फ्लेक्स बांधला. त्यावर पांढरंशुभ्र मंदिर होतं, उंच कळस, भोवती कंपाउंड, पुढे लोखंडी दरवाजा. बा त्या चित्राकडे असा बघत होता जसा माणूस आपल्या घराकडे बघतो. मला त्याचा राग आला नाही. आयुष्यभर कुडाच्या घरात राहिलेला माणूस; आपल्या देवीला तरी पक्कं घर मिळावं असं त्याला वाटलं, त्यात चूक काय होती?

साहेब समजावून सांगत होते. नवी संगमरवरी मूर्ती येईल. जुने दगड मूर्तीच्या मागे ठेवता येतील. खांब कुजलेला आहे, त्याचं विधीपूर्वक विसर्जन करू.

मी विचारलं, "आणि पाण्याची वाट?"

"कंपाउंडच्या बाहेरून वळवू. थोडा फेरा पडेल."

"दरवाजा कशाला?"

"मॅडम, पावित्र्य राखायला नको का? कुत्री शिरतात, कोणीही येऊन बसतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास उघडं. चावी समितीकडे." मग ते आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि माताभगिनींनी अडचणीच्या दिवसांत आत येऊ नये, तेवढी एक पाटी लागेल. सगळीकडेच असते."

त्या बोलण्यातलं 'कोणीही येऊन बसतं' मला ऐकू आलं, बाकीचं नंतर. मी बाकडे पाहिलं. तो नारळ सोलत होता. त्यालाही ऐकू आलं असणार, पण त्याने मान वर केली नाही.

मी ओट्यावर चढले आणि खांबाला पाठ लावून बसले.

साहेबांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. पण पाड्याला कळलं. एकेक जण ओट्याभोवती जमू लागला. बाच्या हातातला नारळ हातातच राहिला.

"ऊठ," तो म्हणाला. "पाव्हण्यांसमोर शोभा करू नको."

"मी बसलेय, बा. ऐकायला लागेल."

"तुझं एकदा ऐकलं ना? अजून किती ऐकायचं?"

"त्या वेळी इथे दरवाजा नव्हता. असता तर ऐकलं नसतंस."

साहेब पुढे आले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच विकासाला विरोध केलात तर या लोकांनी काय करायचं?"

"मी या लोकांतलीच आहे," मी म्हटलं. "आणि मी शिकले ती इथे बसले म्हणून."

मग बोलायचं ते बोलले. छपराला माझी ना नाही, म्हटलं. चार खांबांवर पत्रे टाका, फरशी घाला, साहेबांच्या नावाची पाटी लावा. पण दार नको, चावी नको, बायकांसाठीची पाटी नको, आणि हा खांब जागचा हलवायचा नाही. आमच्या देवीजवळ सोनं नाही की चांदी नाही. कुलूप लावून ठेवायला तिच्याकडे आहे काय? हा ओटा आहे. ज्याला घरात कोणी विचारत नाही त्याला पाठ टेकायला एवढीच जागा या डोंगरात आहे. ती बंद केलीत तर आत जे उरेल ते पुजायला मी येणार नाही, माझ्या मुलीलाही आणणार नाही.

तोवर झऱ्यावरून बायका वर येत होत्या. एकेकीने हंडा उतरवला आणि तिथेच उभी राहिली. माझी आईही त्यांत होती. तिने नेहमीसारखं ओंजळभर पाणी देवीवर घातलं, आणि मग बाईमाणूस अडचणीत आहे की नाही हे साहेबांनी ओळखून दाखवावं अशा नजरेनं त्यांच्याकडे बघत राहिली.

आणि मग ती म्हातारी आली. काठी टेकत, चार पावलांवर थांबत. तिला वाट करून दिली. ती माझ्या शेजारी बसली, खांबाच्या दुसऱ्या बाजूला. धाप गेल्यावर ती माझ्या बाशीच बोलली, साहेबांकडे तिने पाहिलंही नाही.

"वासरं मेली तवा मला भुताळी म्हटलं होतं तुमी. आठवतं का?"

मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ऐकून होते. दोन घरांतली वासरं पाठोपाठ मेली, आणि एकट्या विधवेवर करणी केल्याचा आळ आला. तिला पाड्यावरून हाकलायचं ठरलं होतं.

"तवा मी इथं येऊन बसले. दिवसभर बोलले. तुमी ऐकलं, म्हणून आज जित्ती आहे." तिने काठीने फ्लेक्सवरचा दरवाजा दाखवला. "हे दार तवा असतं, तर चावी कोनाकडं असती? मला हाकलायला जे आले त्यांच्याचकडं ना? मग मी कुठं बसले असते रं?"

बा उभा होता. हाकलायला आलेल्यांत तोही होता, हे मला त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्या दिवशी कळलं. आईला ते माहीत होतं.

त्याने सोललेला नारळ देवीपुढे ठेवला, फोडला नाही. साहेबांना म्हणाला, "दार सोडून बांधा."

साहेबांनी मान हलवली. "आराखडा सगळीकडे एकच असतो. एका गावासाठी बदलता येत नाही." ते रागावले नव्हते, दुखावले होते. गाडीत बसताना म्हणाले, "तुमचंच नुकसान. दुसरी गावं रांगेत आहेत."

ती मंदिरं झाली. जवळच्या एका गावातलं मी पाहिलंय. सुंदर आहे.

आमच्याकडे त्यानंतर भांडण झालं, गोडीगुलाबीनं काही मिटलं नाही. निम्मा पाडा म्हणाला, मास्तरणीनं आलेलं मंदिर घालवलं. कोणीतरी माझ्या कार्यालयात तक्रार केली: शिक्षिका गावात फूट पाडते. माझा खुलासा मागवला. मी एका ओळीत दिला: 'मी माझ्या गावदेवीसमोर बसले होते, तो दिवस रविवार होता.' पुढे काही आलं नाही. खडी-वाळू घेऊन जावी म्हणून मी साहेबांना दोनदा पत्र लिहिलं. उत्तर नाही, माणूस नाही. मे महिन्यात बायकांनी आणि चार पोरांनी मिळून त्या खडी-वाळूतून झऱ्याच्या चढणीला पायऱ्या केल्या. त्यालाही कोणी चोरी म्हणतं. म्हणणारे पाणी त्याच पायऱ्यांवरून नेतात.

बा माझ्याशी पावसाळाभर बोलला नाही. माहेरी गेले की तो उठून गोठ्याकडे जायचा. मीही समजूत काढायला मागे गेले नाही. मी चुकले नव्हते, आणि चुकले म्हणून त्याला बरं वाटेल एवढं खोटं बोलणं मला जमलं नसतं.

नागली, म्हणजे नाचणी, कापून झाल्यावर एका बाजारच्या दिवशी तो माझ्या दारात उभा राहिला. डोक्यावर नव्या नागलीच्या पिठाची पिशवी. देवीला नवं दाखवून झालं होतं, म्हणजे आता आम्हाला खायला मोकळीक होती. त्याने पिशवी माझ्या घराच्या ओट्यावर ठेवली आणि पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाला, "बाजारात एक जण विचारत होता. मंदिर मोडणारी ती तुमचीच पोरगी का?"

"मग?"

"हो म्हटलं."

"अजून काही म्हटलं का?"

"कशाला म्हणू? त्याने तेवढंच विचारलं." त्याने तांब्या खाली ठेवला. "अर्जात तू लिहिलं होतं ते खोटं होतं. वाईट हाल-बिल."

"खोटंच होतं," मी म्हटलं. "मीच लिहिलं होतं."

मी भाकऱ्या टाकल्या. तो दोन खाऊन गेला.