माणूस जिवंत असल्याची तार

अमळनेरच्या कॉलेजात मी नुकताच शिकवायला लागलो होतो. तेव्हा आम्हा चार-पाच रिकामटेकड्या प्राध्यापकांनी जगातली फाशी बंद करायचं मनावर घेतलं. परदेशातली एक मोठी संघटना हे काम करत असे. तिच्या दिल्लीच्या कचेरीतून कुठल्यातरी देशातल्या फाशीच्या कैद्याची माहिती यायची आणि आम्ही तिथल्या राष्ट्राध्यक्षाला दयेची पत्रं पाठवायचो. भाषा अत्यंत नम्र हवी, असा नियम होता. ज्या गृहस्थाने निम्मा देश तुरुंगात घातलाय त्याला 'महामहिम' लिहिताना माझं डोकं फिरायचं. पोस्टातले बाबू पाकिटावरचा देश वाचून विचारायचे, "इथं कोण, बहीण दिली का सर?"

त्या वर्षी आमच्या वाट्याला दूरच्या एका बेटावरचा कैदी आला. त्याने खून केला होता, यात कुणालाच शंका नव्हती, त्यालाही नाही.

हे माझ्या वडिलांना, आबांना, कळलं आणि त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. साक्रीजवळच्या आमच्या गावात बांधाच्या भांडणात त्यांच्या धाकट्या भावाचा, माझ्या काकांचा, खून झाला होता. मारणारा जन्मठेप भोगून सुटला आणि साक्रीच्या आठवडे बाजारात मिरच्या विकायला बसू लागला. आबा त्या ओळीला कधी जात नसत. "असासले वाचाडाले तुले शिकाडं का मी?" अशांना वाचवायला तुला शिकवलं का, एवढं विचारून ते जे गप्प झाले ते झालेच.

मग एके दिवशी मी कॉलेजातून परतलो तर घरमालक नानांच्या ओट्यावर सगळी गल्ली पांढऱ्या टोप्या घालून बसलेली. दारात जीप उभी. माझ्या नावाने तार आली होती. ती कुणीही फोडली नव्हती. तारेत काय असतं ते गल्लीला माहीत होतं, फोडायची गरज काय? आणि दुःखाची तार ज्याची त्याला लगेच द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. नानांनी ती खिशात ठेवली आणि मला सांगितलं, "सर, आबासनी तब्येत जरा सीरियस शे. चला."

'सीरियस' म्हणजे काय हे मीही जाणून होतो. तार मागायचं मला सुचलंच नाही.

जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो. धुळ्याला चहा घेताना नाना म्हणाले, "जास्तीच सीरियस शे." मी बाकड्यावर बसून रडलो. आबा माझ्यावर रागावलेले असतानाच गेले, हे मला सोसवेना. त्या बेटावरच्या माणसाचा मला विलक्षण राग आला. कुसुंबा मागे पडल्यावर नानांनी माझा खांदा दाबला, "मन घट्ट करा," म्हणाले आणि तार हातात दिली.

दिल्लीहून आली होती. फाशी रद्द, जन्मठेप झाली, सर्वांचे आभार.

मला हसू फुटलं ते थांबेना. दुःख डोक्यात गेलं असं समजून दोघांनी माझे हात धरले, तिसऱ्याने तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं. सगळं समजावून सांगितल्यावर नाना चिडले. "मानूस जित्ता शे, हाई सांगाले कोनी तार करस का?"

आता परतायचं की कसं? नानांचं मत पडलं की टोप्या घालून एखाद्याच्या दाराला निघाल्यावर अर्ध्यातून फिरणं बरं दिसत नाही. मलाही आबांना डोळ्यांनी बघायचं होतं.

आबा निंबाखाली दाढी करून घेत बसले होते. एका गालाला साबण. जीपमधून उतरलेल्या मंडळींनी सवयीने माना खाली घातल्या आणि ओळीने जमिनीवर बसली. अशा वेळी कुणी आधी बोलत नाही. आबांनी माझे सुजलेले डोळे पाहिले, न्हाव्याचा हात बाजूला सारला आणि तसेच अर्ध्या दाढीने येऊन मंडळींच्या ओळीत मान खाली घालून बसले. न्हावीही वस्तरा पुसून बसला. स्वतःसाठी आलेल्या बैठकीत आबा किती वेळ बसून होते देव जाणे.

शेवटी त्यांनीच विचारलं, "कोन गयं?"

"कोनीच नही, आबा."

मी तार वाचून दाखवली. नानांनी पुढचं सगळं सांगितलं, मी कसा रडलो तेही. आबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे लाजल्यासारखे बघत होते. मंडळी मोकळेपणाने हसली, घरातून चहा आला. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. महिनोन्‌महिन्यांनी ते माझ्याशी बोलत होते, आणि मी इतका खूश होतो की पुढचा प्रश्न येतोय हे मला कळलंच नाही.

"वाचना म्हने तो कैदी?"

"वाचना, आबा."

"बरं व्हयनं." त्यांनी तार घेतली आणि वाचता येत नसूनही उलटसुलट करून बघितली. "त्यानी ज्याले मारं, त्याना बी कोनी भाऊ व्हईच ना. त्याले कोनी तार करी का?"