मारेकरी घालावे लागतात

महागाव तालुक्यातील आमच्या गावी माझ्या मित्राचा स्मृतिफलक बसवायचे ठरले, तेव्हा त्यावरील एका शब्दासाठी मी समितीशी भांडलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मित्र कापसाच्या जिनिंग सोसायटीच्या निवडणुकीत उभा होता. परगावच्या दोघांनी भरदुपारी त्याला ठार केले. त्यांचे त्याच्याशी वैर नव्हते. त्याचे घरसुद्धा त्यांना पानठेल्यावर विचारावे लागले होते. दोघांना शिक्षा झाली आणि प्रकरण मिटले, असे गावाने मानून घेतले. समितीच्या मजकुरात ‘यांचा खून झाला’ एवढेच होते. मी म्हणालो, ‘मारेकऱ्यांनी ठार केले’ असे लिहा.

बैठकीस यवतमाळचे एक निवृत्त प्राध्यापक होते. अशा माणसांसाठीचा ‘असॅसिन’ हा इंग्रजी शब्द हशीश ओढणाऱ्या एका जुन्या पंथाच्या लोकांवरून आला, म्हणजे मारेकरी हा नशेत शुद्ध हरपलेला माणूस, असे त्यांनी ऐकवले. मला हे मुळीच मान्य नाही. ते नाव त्या पंथाला त्याच्या शत्रूंनी शिवी म्हणून दिले होते, आणि शिवीवरून इतिहास ठरत नाही. नशा चढलेल्याला स्वतःच्या दाराची कडी सापडत नाही; तो परक्याचे घर काय शोधणार? शिवाय आपला शब्द आपल्याच घरचा आहे. पहारा करतो तो पहारेकरी, तसा मारा करतो तो मारेकरी. पहारेकरी कोणीतरी नेमतो. मारेकरी कोणीतरी घालतो. खुनी स्वतःच्या रागाने मारील, पण मारेकऱ्यामागे घालणारा असतोच.

“मंग शेतकरी कोनं घातला, मास्तर?” मागून एकजण म्हणाला. सगळे हसले. तो माझ्याच वर्गात व्याकरण शिकलेला होता.

बैठकीनंतर समितीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतले. “एका शब्दासाठी कायले जीव काढून राह्यले, मास्तर? खून लिवला त मानूस मेला, एवढंच समजते. मारेकरी लिवलं त लोक विचारतीन, घातले कोनं?”

“म्हणजे अर्थ तुम्हांला कळला.”

“कळला म्हून त नाई म्हनतो.”

फलकावर ‘खून झाला’ असेच कोरले गेले. अनावरणाला मी गेलो नाही. प्राध्यापकांची हशीशची गोष्ट आता गावात जो तो रंगवून सांगतो. माझी व्युत्पत्ती कोणी सांगत नाही. ती सांगितली, की एक नाव विचारावे लागते.