तेवीस अर्धी तिकिटं

लिफ्ट मजल्याला लागताना बोटभर वर थांबली की खाली, हे त्याच्या तळपायाला कळायचं. फूटपट्टी तो नंतर लावायचा, ती इतरांच्या समाधानासाठी. सव्वीस वर्षं त्याने लिफ्टदुरुस्तीत काढली होती. उंचापुरा, रुंद खांद्यांचा माणूस, मिशी भरदार, बोलणं मोजकं. एकदा नवव्या मजल्याच्या वर अर्धवट अडकलेल्या लिफ्टचं दार त्याने खांद्याने रेटून धरलं होतं आणि आतली सात माणसं एकेक करून बाहेर काढली होती. ही गोष्ट त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. सांगता सांगता सातांची कधी नऊ व्हायची, कधी अकरा.

लिफ्टदुरुस्तीची कंपनी या मेहुण्याचीच. बहिणीचा नवरा म्हणून घरी तो त्याला 'तुम्ही' म्हणायचा, आणि कामावर 'तू'. गल्लत होऊ नये म्हणून फोन लावला की आधी विचारून घ्यायचा, "घरी आहात का?" पुढच्या महिन्यापासून तो त्याला हेड मेकॅनिक करणार होता. वीस माणसं हाताखाली येणार होती. ऑफिसच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी नवं टेबल येऊन पडलं होतं, त्यावरचं प्लास्टिक तेवढं काढायचं बाकी होतं.

त्या शनिवारी त्याची बायको दुपारीच कामावरून घरी आली. डोळ्यांच्या दवाखान्यात रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना ओळीने बसवायचं काम ती करत असे. तव्याच्या मुठीचा स्क्रू आठवडाभर ढिला होता. नवऱ्याला तीनदा सांगून झालं होतं. जगाच्या लिफ्टा दुरुस्त करणाऱ्याच्या घरात तवा डुगडुगणारच, असं पुटपुटत तिने त्याची जुनी हत्यारांची पिशवी ओढली. स्क्रू ड्रायव्हर सापडला. त्याच्याखाली, झिजलेल्या स्प्रिंगांच्या गुंडाळ्यात, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. डब्यात रबर लावलेली सिनेमाची तिकिटं होती.

तिने ती मोजली. तेवीस. सगळी त्यांच्या घराजवळच्या जुन्या थिएटरची, सगळी रविवार सकाळच्या खेळाची, आणि सगळ्यांवर छापलेलं, 'अर्धे. वय वर्षे बारापर्यंत.' सगळ्यात जुनं सहा वर्षांपूर्वीचं, आणि चार गेल्या महिन्यातली होती.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. तपासण्या, औषधं, सगळं करून झालं होतं, आणि मग तो विषय दोघांनी मिळून बंद केला होता. भावाची मुलगी लहान असताना तिला तो सिनेमाला न्यायचा खरा, पण ती आता सतराची. तिला अर्धं तिकीट कोण देणार? आणि रविवारी सकाळी तर तो कामाला जायचा. "लिफ्ट अडकलीय," म्हणायचा आणि निघायचा.

तिने भावाला फोन लावला. "दादा, गेल्या महिन्यात रविवारच्या किती लिफ्ट अडकल्या?"

"एकही नाही. का गं?"

ती खाली फरशीवरच बसली. "ये," म्हणाली. "आत्ता ये."

नवरा सहाला घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर तेवीस तिकिटं ओळीने मांडलेली होती. एका खुर्चीवर बायको, एका खुर्चीवर मेहुणा. तिसरी त्याच्यासाठी बाहेर ओढून ठेवलेली.

"कुणाचं मूल आहे?" बायकोने विचारलं. दवाखान्यात रोग्याला 'डोळे उघडू नका' म्हणताना असायचा तसाच तिचा आवाज होता.

त्याने तिकिटांकडे पाहिलं. वाकून बूट काढले. "कुणाचंच नाही."

"हे बघा," मेहुणा म्हणाला, "माणसाच्या हातून होतं. मी काही बोलणार नाही. किती वर्षांचं आहे एवढं सांगा. बाई कोण, तेही मी विचारत नाही."

"मी विचारतेय," बायको म्हणाली.

"बाई नाही. मी सिनेमाला जातो. पाणमांजरांच्या."

पाणमांजरांचे सिनेमे सगळ्यांना माहीत होते, म्हणजे बसच्या पाठीवर आणि पोरांच्या दप्तरांवर त्यांची चित्रं असायची. जुन्या होडीवर राहणारं पाणमांजरांचं एक कुटुंब, लठ्ठ आजोबा, बहिरी मावशी, चार पिल्लं, आणि पाण्याला घाबरणारा बाप. सगळी मिळून लोकांना नदीपार नेतात.

"कुणाला घेऊन जाता?" मेहुण्याने विचारलं.

"एकटा."

मग त्याने सांगून टाकलं. पहिला भाग लागला तेव्हा तुमची पोर आठ वर्षांची होती, तिला घेऊन गेलो. दुसऱ्यालाही नेलं. पुढे ती मोठी झाली, म्हणाली, आतोबा, मला नको आता ती पोरकट चित्रं. तिसऱ्या भागाला एकटा गेलो. खिडकीवरच्या माणसाने मान लांब करून माझ्या मागे बघितलं, मूल कुठंय म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, 'बाहेर आहे. एक फुल, एक हाफ.' तेव्हापासून दर खेपेला एक फुल, एक हाफ. गेल्या महिन्यात पाचव्याच्या आधी जुने भाग पुन्हा लावले होते, तेव्हाही.

"म्हणजे बाई नाही," मेहुणा म्हणाला.

"नाही."

"आणि मूलही नाही."

"नाही."

मेहुण्याने खुर्चीला पाठ टेकली, सुस्कारा सोडला, आणि लगेच पुन्हा ताठ झाला. "अहो, दुसरं घर असतं तर निदान चार माणसांत बसून काही बोलता आलं असतं. यावर मी काय बोलू?"

आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे, अशा हिशेबाने याने आपला फोन काढून टेबलावर ठेवला. पाणमांजरांच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, तीन हजार माणसं. तिसऱ्या भागात ही मंडळी दीपगृहात लिफ्टने वर जातात. लिफ्टच्या केबिनला तोलायला एक वजन असतं, केबिन वर गेली की ते खाली यायला हवं. चित्रात दोन्ही वर जात होतं. त्याने ग्रुपवर दोन पानं लिहून, आकृती काढून, हे समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ग्रुपवर त्याला वजनकाका म्हणत.

"वजनकाका," मेहुणा म्हणाला. घासात खडा लागल्यासारखा.

"हो."

"बरं, ऐका. उद्या पाचवा भाग लागतोय, पोस्टर बघितलंय मी. जायचंच असेल तर माझी पोर बरोबर देतो. कुणी भेटलं तर भाचीला घेऊन आलोय म्हणायचं, विषय संपला. वीस माणसं तुमच्या हाताखाली येणार. त्यांतल्या एकाने जरी तुम्हाला तिथं एकट्याला पाहिलं ना, सोमवारी तुमचं कोण ऐकेल?" मग त्याने आवाज खाली आणला. "आणि नाहीच जमलं तर लोकांना आपोआप कळतं हो. घरात मूल नाही, कुठंतरी जीव रमवतो बिचारा. कुणी हसणार नाही."

बायकोने टेबलावरच्या तिकिटांची एक ओळ सरळ केली. ती सरळच होती.

त्याने ते पाहिलं. "ते तर अजिबात म्हणायचं नाही," तो म्हणाला. "मूल नसण्याचा आणि याचा काही संबंध नाही. चार पोरं असती तरी मी गेलो असतो. त्यांना घरी ठेवून गेलो असतो."

"अहो, पण पन्नाशीच्या पुरुषाने..."

"दादा, सामना असला की तुम्ही एका पोराच्या नावाचा शर्ट घालून बसता. पाठीवर त्याचा नंबर. तो पोरगा तेवीस वर्षांचा आहे. तो बाद झाला तर तुम्ही जेवत नाही. तुम्हाला कुणी विचारलं का, घरात काय कमी आहे म्हणून?"

"तो खेळ आहे."

"ही पाणमांजरं आहेत. मला आवडतात. याच्यापुढे काही कारण नाही, आणि मी शोधणारही नाही."

मेहुणा उठला. खुर्ची जोरात मागे सरली. "मग टेबल विसर. हेडचं काम मी दुसऱ्याला देईन, सांगून ठेवतो तुला."

"घरी आहे मी, दादा," तो म्हणाला.

मेहुणा चपला घालून निघाला. दार त्याने हळूच ओढून घेतलं. तेवढं भान त्याला राहिलं.

दोघं उरली. ती म्हणाली, "लिफ्ट अडकली म्हणून सांगायचात मला."

"हो."

"मी इथं बसून त्या आतल्या माणसांची काळजी करायचे. त्यांना श्वास येत असेल का, म्हणून."

त्याने काढलेले बूट भिंतीला नीट लावून ठेवले.

"आणि त्या खिडकीवर मूल उभं केलंत. सहा वर्षं. मला न विचारता."

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. "चुकलं," तो म्हणाला. "भीती वाटायची."

"कुणाची?"

"त्या खिडकीवरच्या माणसाची."

"वीस मजल्यांच्या लिफ्टखाली खड्ड्यात उतरता तुम्ही."

"तिथं कुणी मान लांब करून बघत नाही."

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचा रागही आला. ती तिकिटं गोळा करायला लागली. दवाखान्यात दिवसभर लोकांचे डोळे बघून तिची नजर बारीक झाली होती, तरी दुपारपासून ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. दारावरचा माणूस आत सोडताना प्रत्येकाचं तिकीट कोपऱ्यावर फाडतो. यांतलं एकही फाडलेलं नव्हतं. एकेक करून तिने तेवीसही कोपरे बघितले. त्या तिकिटांवर आत कुणीच गेलं नव्हतं.

तिने डबा बंद केला. "उद्या जाणार?"

"जाणार."

"हाफ काढून?"

"नाही."

"मग आधी हा तवा घ्या आणि मूठ आवळून द्या."

रविवारी सकाळी तो डोक्यावर तपकिरी टोपी घालून निघाला. टोपीला दोन लहान गोल कान होते. ग्रुपवरच्या सगळ्यांनी मागवली होती, याची सहा महिने हत्यारांच्या पिशवीत अगदी तळाशी पडून होती. जिन्यात शेजारीण भेटली, तिने टोपीकडे बघून दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याने नेहमीसारखी मान हलवली. कानही हलले.

खिडकीवरच्या माणसाने त्याला बघताच दोन तिकिटं ओढली. "एक फुल, एक हाफ."

"एकच."

"पोरगं नाही आलं आज?"

"पोरगं कधीच नव्हतं. मीच बघतो."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. खिडकीवरचा माणूस हाफ हातात धरून तसाच राहिला. "सहा वर्षं झाली की हो," म्हणाला.

"झाली. तिकीट द्या, सुरुवात चुकेल."

त्याच सुमारास घरी फोन वाजला. तो भावाचा होता. बाजारातल्या इमारतीची लिफ्ट खरोखरच अडकली होती. "घरी आहेत का?"

"नाही," ती म्हणाली. "सिनेमाला गेलेत."

"कुणाबरोबर?"

"एकटे. टोपी घालून."

"अगं, हळू बोल. इथं फोनचा आवाज मोठा आहे, माणसं आहेत माझ्यासमोर."

"असू देत." तिने आवाज चढवला. "पाणमांजरांच्या सिनेमाला गेलेत. सुट्टी आहे त्यांची. ज्याची पाळी आहे त्याला पाठव लिफ्टला. आणि दादा, आम्हाला मूल नाही म्हणून जातात असं कुणी तुझ्यापाशी म्हणालं ना, तर त्याला माझ्याकडे पाठव. डोळ्यांत थेंब घालते."

सोमवारी टेबलावरचं प्लास्टिक निघालं होतं आणि त्यामागे दुसराच माणूस बसला होता. याने त्याचं अभिनंदन केलं, कामाचा कागद घेतला आणि चौघांबरोबर गाडीत बसला. गाडीत कुणी काही बोललं नाही. जरा जास्तच बोललं नाही.

अकरा मजल्यांची इमारत होती. खड्ड्यात उतरण्याआधी आत हात घालून तिथला लाल खटका दाबायचा, म्हणजे वरून कुणी काही केलं तरी लिफ्ट हलत नाही, हा नियम. त्याने खटका दाबला, शिडीने खाली उतरला, तळाच्या स्प्रिंगा साफ केल्या, तेल दिलं. तेवढ्यात वरून शिट्टी आली. होडीचं गाणं, पाणमांजरं वल्हं मारताना म्हणतात ते. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने उचललं, आणि मग चौघंही. वरून खालपर्यंत शाफ्टमध्ये ते घुमलं आणि त्यामागून हसणं आलं.

त्याने हात पुसले. दोन कानांची टोपी त्याने सकाळी आणलीच होती, ती खिशातून काढून डोक्यावर घातली आणि वर बघितलं.

"दुसरी ओळ चुकतेय," तो म्हणाला. "तिथं सूर वर न्यायचा नाही. खाली यायचं."

वर हसणं थांबलं.

त्याने दोन्ही ओळी शिट्टीवर वाजवून दाखवल्या. सावकाश, नीट, नवख्याला स्क्रू कसा आवळायचा ते दाखवावं तशा. "परत," म्हणाला.

"काका, लिफ्ट सोडा ना. खाली माणसं खोळंबलीयत."

"सोडतो. आधी दुसरी ओळ."

"अहो काका..."

"खटका माझ्याजवळ आहे. मला घाई नाही."

वर कुजबुज झाली. मग एकाची शिट्टी आली, बिचकत, आणि दुसऱ्या ओळीवर पुन्हा वर गेली.

"नाही," तो खालून म्हणाला. "खाली. परत."