शपथेचा घास

कारखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे किस्से कमी नसतात. पण दवाखान्यात आडवं पडून आलेल्याशी त्यानंही बरोबरी करू नये! तिथं काम नाही, पेपर वाचवत नाही, झोप धड लागत नाही. कान तेवढे चालू राहतात. मी तर मित्रांना सांगतो, पोटाचा एक तुकडा तिथं ठेवून आलो आणि रिकाम्या जागेत किस्से भरून आणले. ते हसतात. सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत, हे मी आधी सांगत नाही.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सातपूरला टर्नर होतो. पाळीवर असतानाच अल्सर फुटला आणि तिथूनच मला नाशकातल्या एका दवाखान्यात नेलं. पुरुषांच्या वॉर्डात खिडकीकडची सगळी रांग पोट फाडलेल्यांची. त्या रांगेला वॉर्डबॉय ‘उपाशी लाईन’ म्हणायचे.

नाकातली नळी काढली तेव्हा मला वाटलं, सुटलो! खरा त्रास तिथून सुरू झाला. दुखणं परवडलं, ते एका जागी गप बसतं. मळमळ अंगभर हिंडते. भाताची पेज तोंडात घेतली की ती नुसती फिरत राहायची. लेथवर जॉब फिरतोय आणि टूल काही लागत नाही, तसं!

आणि उलटी आली की टाके आठवायचे. आमच्या पवार सिस्टर धिप्पाड बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी एक उशी माझ्या पोटावर दाबून धरायला शिकवलं आणि दम भरला, “ही घट्ट धरा आणि मग काय ओकायचं ते ओका. उलटी तुमची आहे, टाके माझे आहेत!”

•

आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यानं आपल्यासमोर दोन घास खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, ही त्याहून वाईट रीत.

चार वाजता भेटायची वेळ झाली की वॉर्डात डबे उघडायचे. लसणाची फोडणी, तुपातला शिरा, कुणाचं अंड्याचं कालवण, आणि खालून फिनाईल. आम्ही सगळे तोंडावर टॉवेल घेऊन पडायचो. नातेवाइकांना वाटायचं, बिचाऱ्यांना रडू येतंय!

माझी आत्या दिंडोरीची. तिच्या दिरांचा द्राक्षाचा बाग. ती टोपलीभर द्राक्षं घेऊन आली आणि स्टुलावर बसून एकेक मणी पुसू लागली. मी हात जोडले. सिस्टरनं नको म्हटलंय, सांगितलं. आत्यानं स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला आणि म्हणाली, “एकच. तुला माझी शपथ!”

शपथेला आम्ही घरातले सगळे घाबरतो. खाल्लं. पुढच्या क्षणी ते द्राक्ष, सकाळची पेज आणि औषध, असं सगळं आत्याच्या नव्या पातळावर!

माझ्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र पदर झटकत म्हणाली, “बघ! काहीतरी वाईट होतं पोटात. माझ्या द्राक्षानं काढलं!”

•

माझ्या शेजारच्या कॉटवर नामपूरचे दगडूआप्पा आले. कांद्याचे शेतकरी, बोलणं सगळं अहिराणी, उंचापुरा गडी, गोणी एका हातानं उचलणारा. पोटात गाठ निघाली, जठराचा मोठा भाग काढावा लागला. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, कॉटखाली घोंगडी टाकून राहायच्या. नळी निघाली, पाणी सुरू झालं, पेज सुरू झाली, पण आप्पांच्या घशाखाली काही उतरेना.

सर्जनसाहेब राऊंडला आले, टाके बघितले, आणि आक्कांना ऐकू जाईल असं स्पष्ट बोलले. “आप्पा, आतले टाके अजून कच्चे आहेत. अंगात अन्न नसेल तर ते धरणार नाहीत. सुटले तर मला पुन्हा उघडावं लागेल, आणि ते तुम्हाला झेपायचं नाही. काहीही करून खायला लागा.”

आप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेब, पोट कापं तवय भूकबी काढी लिधी का तुम्ही?”

सगळी रांग हसली. हसलं की टाक्यांना ओढ बसायची, म्हणून एकेक जण उशी पोटाशी धरून हसत होता. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी वाटी घेतली आणि त्या चमच्यानं पेज ढवळत उभ्या राहिल्या.

•

त्या दिवसापासून आप्पांना खायला घालणं हा सगळ्या वॉर्डाचा उद्योग झाला. माझी बायको मऊ भात आणि मेतकूट आणायची. पलीकडच्या कॉटवर हर्नियाचे गायकवाड गुरुजी होते, बुद्धविहाराजवळच्या कॉलनीत राहणारे. त्यांनी आलं किसून लिंबू-सैंधव लावून ठेवलं. पवार सिस्टर सांगून दमल्या, “गरम देऊ नका, वासानं ढवळतं. गार द्या, दोन चमचे द्या, आणि मागे लागू नका!”

पहिलं आणि दुसरं ऐकलं. तिसरं कोण ऐकतो? मागे लागायचं नाही तर माणूस आपला कसला!

आक्कांकडे शपथांचा साठा होता. आधी स्वतःची घातली. आप्पांनी मान फिरवली. मग मुलाची. एक चमचा गेला आणि परत आला. मग गडावरच्या देवीची. आप्पांनी नुसते हात जोडले. शेवटी आक्का रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “मोऱ्यानी शपथ शे तुम्हले!”

मोऱ्या म्हणजे त्यांचा बैल. आप्पा उठून बसले. डोळे मिटून त्यांनी अर्धी वाटी भात खाल्ला आणि तो पोटात ठेवलाही.

आक्का माझ्याकडे वळल्या. “पहा भाऊ! माले सोडं नि बैलले धरं!”

तेवढा एकच दिवस मी त्यांना हसताना पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी मोऱ्याचीही शपथ चालली नाही. आप्पा मला हळूच म्हणाले, “भाऊ, पोट काय माना ऐकस नही. मी काय करू?” मला फार वाईट वाटलं, कारण माझंही पोट माझं ऐकत नव्हतं. फरक इतकाच की माझं हळूहळू सुधारत होतं.

•

आणि मग चमत्कार झाला! आप्पांचं ताट रिकामं होऊ लागलं.

आक्का धुणं धुवायला नळावर जायच्या आणि परत येईपर्यंत वाटी चाटून पुसून लख्ख. बाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. रांगेतल्या प्रत्येकाला वाटी दाखवायच्या. नामपूरकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, जेवायला लागले म्हणून.

एकच गोष्ट जुळेना. वजन केलं की आप्पांचा काटा खालीच. पवार सिस्टरनं काटा ठोकून बघितला. मग गुरुजींना उभं केलं. काटा बरोबर होता, गुरुजी चांगलेच भरले होते!

आक्का एकदा साबण विसरल्या म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आल्या. आप्पा वाटी पुढे करत होते. “गुरुजी, तुम्हीन खाई ल्या. तिले बरं वाटी.” आणि गुरुजी त्यांच्याच वाटीतून, त्यांच्याच चमच्यानं खात होते.

गुरुजींचा चमचा हवेत. त्यांनी मला नंतर सांगितलं, “वसंतराव, मी आयुष्यभर गावोगावी शिक्षक होतो. गावाकडची बाई आपल्या माणसाच्या भांड्यात माझा हात बघते, तेव्हा पुढे काय ऐकावं लागतं ते मला पाठ आहे.” आम्हा सगळ्यांनाही तेच वाटलं होतं, कशाला खोटं बोला!

आक्का जवळ आल्या. गुरुजींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “मंग इतला दिन यास्ना पोटमा काय गये?”

दुसऱ्या दिवसापासून त्या दोन वाट्या आणायच्या. एक गुरुजींपुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, “तुम्ही तुमनं खा गुरुजी. पण यास्नं यासले खाऊ द्या.”

गुरुजींची भूक तिथं मेली. वाटी समोर धरून ते बसून राहायचे.

•

मग एके दुपारी आप्पांनी आपणहून काहीतरी मागितलं! बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा. वरचा, फुगलेला, कागदासारखा, आणि त्यावर मीठ. बस.

वॉर्डबॉयनं ही बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवली. दवाखान्याच्या मागच्या आवारात नातेवाईक तीन दगडांची चूल मांडून रांधायचे. आक्का तिकडे धावल्या. पापुद्रा नीट सुटेना म्हणून त्यांनी भाकरीमागून भाकरी थापली. उरलेल्या भाकरी आजूबाजूच्यांना वाटल्या आणि सगळ्यांना सांगितलं, आज यांनी तोंडानं मागितलं.

पापुद्रा गार करून आणला, सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे. आप्पांनी तुकडा तोंडात ठेवला. आम्ही सगळे बघत होतो, आणि ते आम्हाला बघत होते. इतकी माणसं अशी तोंडाकडे बघत बसल्यावर धडधाकट माणसालासुद्धा घास उतरायचा नाही, हे मला आज कळतं. त्यांनी तो तुकडा तोंडात तसाच धरला. गिळला नाही आणि थुंकलाही नाही. आक्का पाठीवरून हात फिरवत गिळायची विनवणी करत राहिल्या, “गिया, गिया, जरासा गिया.”

संध्याकाळी ताप चढला. पोट लाकडासारखं कडक झालं. सर्जनसाहेब आले, हात लावला आणि लगेच ट्रॉली मागवली. पुन्हा उघडलं, पण आप्पा त्यातून परत आले नाहीत.

आक्का थिएटरच्या बाहेर बसून होत्या. मांडीवर ताटली, ताटलीत राहिलेला पापुद्रा, वरून पदर झाकलेला. सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या, तेव्हा आक्कांनी आधी पदर काढला आणि विचारलं, आता देऊ का?

हा किस्सा मी कुणाला हसत हसत सांगू शकलेलो नाही.

•

आप्पांचा दहावा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर होता. तोवर मला आणि गुरुजींना सुट्टी मिळाली होती. पोटाला पट्टे आवळून आम्ही दोघे रिक्षानं गेलो. गुरुजींचा त्या विधींवर काडीचा विश्वास नाही. ते म्हणाले, “मी आप्पांसाठी येतोय, पिंडासाठी नाही.” आणि घाटाच्या पायरीवर उन्हात उभे राहिले.

पिंड मांडला. शेजारी पानावर सगळं होतं, भात, वरण, वडे, खीर, भाकरी. गंगेवरच्या कावळ्यांना काय तोटा? भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ!

आप्पांचा थोरला भाऊ पुढे झाला. तुझ्या पोरीचं लग्न मी लावून देईन, म्हणाला. कावळे हलले नाहीत. मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. नाही. मेव्हणा, पुतण्या, भाऊबंद, एकेक जण हात जोडून काय काय कबूल करून गेला. ऊन चढलं. भटजींनी दर्भ हातात घेतला, त्याचाच कावळा करून शिववायचा म्हणून.

मग सगळ्यांनी एकदमच सुरू केलं. “खाई ल्या आप्पा! दोनच घास! तुम्हले मायनी शपथ! आम्हनाकरता तरी खा!” म्हातारे, पोरं, सगळे. मी पट्टा दाबून खाली बसलो.

बायकांमध्ये बसलेल्या आक्का उठल्या. कुणीतरी त्यांना मागे ओढलं, पण त्या हात सोडवून पुढे आल्या. त्यांनी भावाला बाजूला केलं, मुलाला बाजूला केलं. पानासमोर वाकून, वॉर्डात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या,

“राहू द्या. नको व्हई तं नका खाऊ. आते कोनीच बयजबरी करस नही.”

आणि पदर सावरून त्या मागे सरल्या. त्या पुरत्या वळल्याही नव्हत्या, तोच भिंतीवरचा एक कावळा उतरला आणि खायला लागला.